धरायचं काय आणि सोडायचं काय?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३३ ते ३५

चाकण-भोसरीत नोकरी करणाऱ्यांच्या कानावर 'होल्ड ऑन' हे शब्द रोज पडतात. फोनवर त्याचा अर्थ 'थांब जरा'. नाइट शिफ्टला कंटाळलेल्या मित्राला तेच म्हटलं, की अर्थ होतो 'तग धर'. 'कॅरी ऑन', 'कीप ऑन', 'हँग ऑन' ही त्याचीच भावंडं. पण 'कॅरी ऑन'मध्ये हातातलं काम पुढे नेणं आहे, 'हँग ऑन'मध्ये कसंबसं लटकून राहणं आणि 'होल्ड ऑन'मध्ये मूठ घट्ट धरणं.

मराठीतही आपण धीर धरतो, तग धरतो, मागणी लावून धरतो. हट्टही धरतो, रागही धरतो आणि अढीसुद्धा. क्रियापद एकच! म्हणजे नुसतं धरून राहणं हा काही गुण नव्हे.

गीतेतला 'धृती' हा शब्द याच अर्थाच्या 'धृ' धातूचा. श्रीकृष्ण तिचे तीन प्रकार सांगतात. मन, प्राण आणि इंद्रियं योगाने सावरून धरते ती सात्त्विक. फळाच्या आशेने धर्म, अर्थ, काम धरते ती राजस. आणि झोप, भय, शोक, विषाद, मद सोडतच नाही ती तामस. गंमत बघा, भीतीला कवटाळून बसण्यालाही भगवंत धृतीच म्हणतात. त्यालाही चिकाटी लागतेच की!

कंत्राटी नोकरीत 'परमनंट' होण्याची वाट बघणारा मित्र विचारतो, "राहू की सोडू?" याचं उत्तर बाहेरून देता येत नाही. तो घरची जबाबदारी धरून राहिलाय, की बाहेर पडायची भीती धरून? दोन्ही बाहेरून अगदी सारखंच दिसतं.

चाकणला जाताना मोशीजवळ आपण इंद्रायणी ओलांडतो. वरच्या अंगाला देहू. परंपरा सांगते, की तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं स्वतःच्या हाताने या नदीत सोडली. पुढे अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, तेव्हा मात्र ते तेरा दिवस काठावर विठ्ठलाला धरून बसले. येणं असलेले पैसे सोडणारा आणि न हलता बसणारा माणूस एकच.

आजचं चिंतन : गेले काही महिने मी जे नेटाने धरून ठेवलंय, त्याचं खरं नाव काय? जबाबदारी, आशा, की भीती? झोपण्यापूर्वी ते नाव वहीत लिहा. सोडायचं की नाही, ते उद्या ठरवू.