पदावलीची किंमत आणि सत्याचा प्रश्न

६० रुपये किलोचे ४ किलो तांदूळ आणि १४० रुपये किलोची २ किलो तूरडाळ घेतली, तर हिशेब ४ × ६० + २ × १४० असा मांडला जातो. या पदावलीची किंमत ५२०. ती खरी कशामुळे ठरते, याबद्दल तत्त्वज्ञांत एकमत नाही.

यातला काही भाग निव्वळ संकेताचा आहे. मराठी शाळांत ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) म्हणून पाठ करून घेतात तो क्रियांचा क्रम माणसांनी आपसांत ठरवलेला आहे. पोलिश तर्कशास्त्रज्ञ वुकाशेविच यांनी १९२०च्या दशकात क्रियेचे चिन्ह आधी आणि संख्या नंतर लिहिण्याची रीत काढली; तिच्यात कंसांची गरजच उरत नाही. मात्र रीत कोणतीही असो, दुकानदाराला ५२० रुपयेच द्यावे लागतात.

तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांच्या मते (१८४३) बेरजेचे नियम वस्तू एकत्र करण्याच्या अनुभवातून येतात. तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी १८८४ साली यावर नेमके बोट ठेवले: बेरीज म्हणजे वस्तूंचा ढीग करणे नव्हे. एक लिटर पाण्यात एक लिटर शुद्ध अल्कोहोल मिसळले, तर मिश्रण दोन लिटरांहून कमी भरते. म्हणून १ + १ = २ खोटे ठरत नाही; त्या प्रसंगाला ती पदावली लावणे चुकते. अंकगणित तर्कशास्त्रातून सिद्ध करण्याची फ्रेगे यांची योजना १९०२ साली तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी दाखवलेल्या विसंगतीने ढासळली, पण मिल यांच्यावरचा त्यांचा आक्षेप आजही टिकून आहे.

लागू पडण्याचा हा प्रश्न बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तही दिसतो. माकडांच्या टोळीच्या पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली आणि एक बाहेर दिसले, तर टोळी किती? समीकरणाची उत्तरे दोन: ५० आणि ५. दोन्ही बिनचूक. पण ५ धरल्यास पंचमांशातून ३ वजा करता −२ उरतात, आणि ऋण माकडे लोकांना पटणार नाहीत, म्हणून भास्कराचार्य ते उत्तर सोडून देतात. इथे गणिताने आपले काम पुरे केले होते. निवड मात्र जगाकडे पाहून करावी लागली, आणि ती करण्यातच त्यांचा मोठेपणा आहे.

त्यामुळे अनुभवाविषयीचे मिल यांचे म्हणणे पदावली निवडण्यापुरते खरे आहे. तिच्या किमतीबाबत फ्रेगे यांचीच बाजू बळकट ठरते.