प्रेक्षकांपुढें कातकाम

इंग्लंडांतील बकलबरी येथील जॉर्ज लेली हा कातारी १९५८ सालीं वारला. एल्मच्या लाकडाचीं वाडगीं कातून तो पोट भरी. पायाखालची फळी दाबली कीं दोरीनें लाकूड फिरे. पाय उचलतांच वरची लवचीक काठी तें उलट फिरवी. हत्यार चाले तें दाबतांनाच. म्हणजे अर्धें फिरणें रिकामेंच. त्याचा लेथ आतां रेडिंगच्या संग्रहालयांत आहे, आणि तशा लेथवर तिकडील कारागीर आज पाहुण्यांस काम करून दाखवितात.

हें काम कीं कामाचें सोंग? कोणी पाहत आहे एवढ्यानें काम खोटें होत नाहीं. कुंभाराच्या चाकाभोंवतीं पोरें नेहमींच जमतात. खोटेपणा शिरतो तो काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुरतेंच उरतें तेव्हां. कातायला सोपें म्हणून लाकूड ओलें घेतात. तें सुकतांना सर्व बाजूंनीं सारखें आकसत नाहीं. गोल वाडगें किंचित् लंबगोल होतें, आणि जाडी कमीजास्त राहिली असल्यास तडकण्याचा संभव वाढतो. टाळ्या तर छिलके उडतांनाच पडतात! त्या पडत असतां लेथ थांबवून जो बोटांनीं जाडी चांचपतो, त्याला मी कातारी म्हणेन. वाडगें सुकायला आठवडे लागतात, आणि पाहुणे संध्याकाळींच घरीं जातात.