दोर कुणाच्या हाती

महानला काटेपूर्णा धरणाच्या काठी संध्याकाळी बसायला मिळालं तर उत्तमच. बार्शीटाकळीत घरी असाल तर ओट्यावर बसा, गच्चीवर बसा, पाठ टेकायला काहीतरी असू द्या. घाई करायची नाही. थोडं वाचावं, डोळे मिटावेत, वाचलेलं मनात पुरतं उभं राहिलं की मग पुढं जावं.

आधी फक्त धरणाचं पाणी पाहा, घरी असाल तर मनात. अकोल्याच्या नळांना जातं ते हेच पाणी. त्याला पलीकडचा काठ आहे. तो काठ मनातल्या मनात पुसून टाका. आता चारी बाजूंना पाणी, आणि तुम्ही शिडाच्या एका लहान बोटीवर, घर सोडून कितीतरी महिने झालेले. श्वास बोटीच्या डुलण्याबरोबर येऊ द्या, जाऊ द्या.

पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या युरोपातल्या अनेक खलाशांची वाट पॅसिफिक आणि हिंदी महासागर ओलांडून तांबड्या समुद्रात शिरते. त्या समुद्राच्या उत्तर भागात वारा थेट तोंडावर येतो. मग सुएझ कालवा, आणि पोर्ट सैद मागं पडलं की भूमध्य समुद्र. हा कालवा 1869 साली खुला झाला आणि पुढच्याच वर्षी खामगावला आगगाडी आली. आपल्या काळ्या जमिनीतला कापूस मग याच पाण्यावरून युरोपातल्या गिरण्यांकडे जाऊ लागला. ज्या हातांनी तो वेचला त्यांना हे पाणी कधी दिसलं नाही. आज तुम्ही ते सावकाश पाहा.

समोर ग्रीसचं एक बेट आहे. दिवसभरात ते मागं पडतं, तोवर पुढचं दिसू लागतं. पारोस, नॅक्सॉस, सिरोस. इतके महिने जमीन क्वचितच दिसली, आता नजरेतून जात नाही. मनाला वाटतं, पोचलो. हे वाटणं कुठं जाणवतं ते तपासा. खांदे सैलावलेत का? मूठ सुटली आहे का? तिथंच जरा थांबा.

कारण बेटांमधला समुद्र मोकळ्या समुद्रापेक्षा अवघड असतो. भर समुद्रात चूक सावरायला भरपूर जागा मिळते. इथं खडक आहेत, धावत्या फेरीबोटी आहेत. उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो, तोही निरभ्र आभाळातून, ढगाची काही वर्दी नसताना. डोंगराच्या आडोशाला गेलो की वारा पडेल असा भरवसा वाटतो, आणि नेमका तिथंच तो माथा ओलांडून उतारावरून अंगावर कोसळतो.

शेतातही शेवटचाच टप्पा अवघड असतो. कपाशीची शेवटची वेचणी आठवा. पहिल्या वेचणीत हात भराभर भरतो. शेवटी मात्र इथं एक बोंड, तिथं एक, त्यासाठी सगळं तास चालावं लागतं. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचतात आणि चित्त केव्हाच घराकडे निघालेलं असतं.

होमरच्या महाकाव्यातला ओडिसियस याच भूमध्य समुद्रातून घरी परतत होता. वाऱ्यांचा राखणदार एओलस यानं सगळे वादळी वारे बैलाच्या कातड्याच्या पिशवीत कोंडून, चांदीच्या दोरीनं तोंड बांधून त्याला दिले. नऊ दिवस, नऊ रात्री गलबत चाललं. दहाव्या दिवशी इथाका दिसलं, इतकं जवळ की तिथल्या माणसांनी राखलेले विस्तवही दिसत होते. तेव्हा ओडिसियसला झोप लागली. पिशवीत सोनं-चांदी असणार म्हणून सोबत्यांनी ती उघडली, वारे सुटले, आणि गलबत निघालं होतं तिथं परत फेकलं गेलं.

ही कथा सांगणारे बहुतेक जण सोबत्यांच्या लोभावर बोट ठेवतात. मला तिच्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. नऊ दिवस शिडाचा दोर ओडिसियसनं स्वतःच धरला होता, कुणाच्याही हाती दिला नव्हता. आणि पिशवीत काय आहे, हे त्यानं सोबत्यांना सांगितलं नव्हतं. थकलेल्या माणसाला झोप येणारच, तो त्याचा दोष नाही. दोर हातात घेणारं कुणीतरी जवळ होतं, तरी ओडिसियसनं तो दिला नाही. इथं बराच वेळ थांबा.

ज्याला दोर द्यायला कुणीच नसतं, त्याची गोष्ट निराळी. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून एकटे निघाले. त्यांची 56 फुटी ‘म्हादेई’ गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन असे चार मुक्काम करत 19 मे 2010 रोजी ते मुंबईला पोचले. शिडाच्या बोटीनं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. स्वागताचा समारंभ 22 मे रोजी झाला, उपराष्ट्रपती हमीद अन्सारींच्या उपस्थितीत. प्रवास संपला आहे आणि हारतुरे अजून यायचे आहेत, अशा त्या दोन तारखांमधल्या दिवसांत मन ठेवून पाहा. पाठ थोपटणारं कुणी नसताना काम झाल्याचं समाधान कसं लागतं, ते पाहा.

आता पुन्हा त्या बेटाजवळ, आपल्या बोटीवर या. नांगर टाकायचा आहे. पाणी नितळ आहे, तळ दिसतो. काळपट दिसतं ते समुद्रगवत, त्याच्यावर नांगर नुसता घसरतो. फिकट दिसते ती वाळू. वाळूवर आल्यावर नांगर सोडा. साखळी हळूहळू सोडा, खोलीच्या कितीतरी पट. बोट मागं ओढून नांगर रुतला का ते पाहा. मग किनाऱ्यावरचं एक घर आणि त्यामागचं एक झाड एका रेषेत धरा आणि ती रेष हलते का, ते पाहत राहा. ती हलली नाही म्हणजे नांगरानं बोट धरली. ही खात्री झाल्याशिवाय जाणता खलाशी झोपत नाही.

आता तुमचं स्वतःचं, संपत आलेलं एखादं काम समोर घ्या. मुलीचं लग्न असेल, घराचं बांधकाम असेल, आजारी माणसाची लांबलेली सेवा असेल, निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष असेल. त्याचा दोर इतके दिवस तुम्ही एकट्यानं धरला आहे का? घरातल्या कुणाकुणाला ठाऊक नाही की पिशवीत काय आहे: कर्ज किती, औषध कोणतं, कागद कुठल्या कपाटात? एकच नाव मनाशी येऊ द्या. आलं की उठा, त्या माणसाला हाक मारा आणि पहिल्यांदा पिशवीचं सांगा.