सरासरीचे वर्ष

म्हैसूरला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला कोणी ना कोणी कृष्णराजसागर दाखवावयास नेतोच. आम्हीही गेलो. सोबत्यांनी कारंजी पाहिली. आम्ही पाण्याची पातळी विचारली. कारकुनाचा पिंड, दुसरे काय!

शिवनसमुद्र येथे १९०२ साली कावेरीच्या पाण्यावर वीज निर्माण होऊन ती कोलारच्या सोन्याच्या खाणींस जाऊ लागली. उन्हाळ्यात नदी रोडावली की विजेची चिंता पडे; ती दूर करणे हा १९११ साली सुरू झालेल्या या धरणाचा एक हेतू होता. अशा कामी अभियंत्यास आधार असतो तो मागील पावसाच्या नोंदींचा. आजोबांनी पाहिला तोच पाऊस नातवाच्या वाट्यास येईल, ही त्यामागील श्रद्धा.

ती श्रद्धा आज डळमळली आहे. हवामानशास्त्रज्ञ पुढील पन्नास वर्षांसाठी एक आकडा देत नाहीत. ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे सांगतात. कचेरीतील तक्त्यात मात्र रकाना एकच. त्यात आम्ही सरासरी भरतो आणि निश्चिंत होतो. याला सोय म्हणावे की असत्य?

सरासरी खोटी नसते; पण सरासरीचे वर्ष कोणीच जगत नाही. २०२३ साली पावसाने दगा दिला, कर्नाटकात दुष्काळ जाहीर झाला. पाणी घटले आणि नेमकी तेव्हाच शेतीपंपांसाठी विजेची मागणी वाढली. २०२४ साली धरण भरले. दोन्ही वर्षांची सरासरी बरी निघेल. करपलेल्या पिकास तिचा काय उपयोग?

मग प्रत्येक योजना वाईटात वाईट वर्षासाठीच आखावी काय? तसे केल्यास खर्च वाढेल आणि वाढीव दराचा भार गरिबाच्याच बिलात येईल. पावगडच्या २,०५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासही ढगाळ दिवसांचा हिशेब चुकत नाही. किती जोखीम घ्यावी, हे गणित सांगू शकत नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे, आणि आपण तो आकड्याच्या आड लपवतो.

म्हणून आम्हांस वाटते, रकान्याशेजारी एक शेरा असावा: हा आकडा चुकला तर किती चुकेल, आणि ती चूक कोणास भोगावी लागेल. वरिष्ठ तो कदाचित खोडतील. पण ज्यांच्यासाठी आपण आज हिशेब मांडतो, त्यांतील कित्येक अजून जन्मलेलेही नाहीत. ते हरकत घेण्यास येऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने तेवढा शेरा लिहिणे आपल्या हाती आहे.