सबुरी कोणी कोणाला सांगावी?

'जरा सबुरीनं घ्या,' असे आपण सहज म्हणून जातो. भावाभावांतले भांडण मिटवताना म्हणतो, नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुणाला म्हणतो आणि घरातले माणूस गेलेल्या शेजाऱ्यालाही म्हणतो. हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. मूळ शब्द 'सब्र'. शतकानुशतके एका गावात, एका बाजारात मुसलमान शेजाऱ्यांबरोबर राहताना तो आपल्या बोलीत मुरला. शिर्डीच्या साईबाबांमुळे तर 'श्रद्धा आणि सबुरी' ही जोडी घरोघरी पोहोचली.

शब्द आपण घेतला, पण त्याबरोबर त्याचा अर्थ पूर्णपणे घेतला का? आपल्या तोंडी सबुरी म्हणजे बहुतेक वेळा 'गप्प बसा, सोसा, बोलू नका' एवढेच असते. इस्लाममध्ये 'सब्र' या शब्दाला फार मोठी जागा आहे. कुराणात तो वेगवेगळ्या रूपांत शंभराच्या आसपास वेळा येतो. त्याच्या मूळ धातूचा अर्थ आहे रोखून धरणे, बांधून ठेवणे. उधळू पाहणाऱ्या बैलाची वेसण घट्ट धरणारा शेतकरी काही हात बांधून बसलेला नसतो. त्याची सगळी ताकद त्या धरण्यात लागलेली असते. म्हणूनच मुसलमान विद्वानांनी सब्राचे तीन भाग सांगितले: चांगले काम नेटाने करीत राहण्याचा सब्र, वाइटापासून स्वतःला आवरण्याचा सब्र आणि संकट झेलण्याचा सब्र. आपल्याला आठवतो तो फक्त तिसरा.

रमजानला 'सब्राचा महिना' असेही म्हणतात. २०१९ साली तो ७ मे रोजी सुरू झाला. त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ होता. राज्य सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्येच दीडशेहून अधिक तालुके दुष्काळी जाहीर केले होते. आपल्या जालना जिल्ह्यात टँकरची वाट पाहणारी गावे, वाळून गेलेल्या मोसंबीच्या बागा आणि वैशाखाचे ऊन अशा दिवसांत आपल्या मुसलमान बंधुभगिनींनी पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही न घेता रोजे धरले.

इथे दोन तहाना शेजारी शेजारी उभ्या होत्या. रोज्याची तहान माणसाने स्वतः स्वीकारलेली असते. संध्याकाळी ती संपणार हे त्याला ठाऊक असते. दुष्काळाची तहान कोणी मागून घेतलेली नसते आणि तिचा शेवट कधी हेही कोणी सांगू शकत नाही. स्वीकारलेली तहान मनाला वळण लावते, म्हणजे न मागितलेली तहान आली तर माणूस मोडून पडत नाही. पण दोन्ही एकच आहेत असे इस्लाम म्हणत नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्यातून सवलत आहे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती मिळते. जीव जाईपर्यंत सोसणे म्हणजे सब्र नव्हे, हे त्या नियमातच आहे.

सब्र म्हणजे न रडणे, असेही नाही. योसेफाची गोष्ट आपण पवित्र शास्त्रात वाचतो. कुराणातही ती आहे, तिथे तो यूसुफ आणि त्याचे वडील याकूब. मुलगा हरवल्याचे ऐकून याकूब 'सुंदर सब्र' धरायचे ठरवतो. आता हा माणूस डोळ्यांतून टिपूसही काढणार नाही, असे आपल्याला वाटेल. पण तो इतका रडतो की दुःखाने त्याचे डोळे पांढरे होतात. बाकीची मुले त्याला बोल लावतात. तेव्हा तो सांगतो की आपले गाऱ्हाणे आपण देवापुढेच मांडत आहोत. आणि लगेच मुलांना बजावतो की जा, त्याचा शोध घ्या, आशा सोडू नका. रडणे, देवाकडे गाऱ्हाणे आणि शोध या तिन्ही गोष्टी त्याच्या सब्रात बसल्या.

शोधाचे हे अंग आपल्या गावालाही ठाऊक आहे. सोळाव्या शतकात जमशेदखानाने जालन्यात काळी मशीद बांधली, तसाच मोती तलावही बांधला आणि जमिनीखालून नळ घालून शहरात पाणी आणले. जालना तालुक्यातल्या कडवंची गावाने १९९६ पासून पाणलोटाची कामे केली, शेततळी खोदली आणि पुढच्या दुष्काळांतही द्राक्षबागा जगवल्या. पावसाची वाट सगळेच पाहतात. सबुरी असलेला माणूस वाट पाहता पाहता खोदतो.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र वेगळा आहे. दुष्काळ आकाशातून येतो, पण काही दुःखे माणूस माणसाला देतो. २७ ऑगस्ट २००४ रोजी, शुक्रवारी, जालन्यातल्या कादरिया मशिदीवर बॉम्बहल्ला झाला. प्रार्थनेला आलेली माणसे जखमी झाली. अशा माणसाला 'सबुरी धरा' म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

कुराण याबाबत दोन गोष्टी सांगते. झालेल्या अन्यायाचे निवारण मागण्याचा हक्क माणसाला आहे, मात्र ते मापाबाहेर जाता कामा नये. आणि जो सब्र धरील त्याच्यासाठी ते अधिक चांगले. ही निवड ज्याला घाव बसला त्याची आहे. शेजाऱ्याने ती त्याच्या वतीने करायची नाही. घाव न बसलेल्याने सबुरीचा उपदेश केला तर तो पुष्कळदा आपल्या सोयीचा असतो. गावात शांतता राहावी, आपले दुकान उघडे राहावे, अवघड प्रश्न कोणी विचारू नये, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

कुराणात तीन ओळींचा एक लहानसा अध्याय आहे. त्यात तोट्यातून वाचणाऱ्या माणसांची खूण दिली आहे: श्रद्धा, सत्कर्म आणि एकमेकांना सत्याचा व सब्राचा बोध. इथे 'एकमेकांना' हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि सत्य सब्राच्या आधी आले आहे. सत्य झाकून सांगितलेली सबुरी ही सबुरी नव्हे. अन्यायाला अन्याय म्हटल्यावरच सूड न घेण्याला किंमत येते.

आपल्या ईयोबाला मुसलमान अय्यूब म्हणतात आणि सब्राचा आदर्श मानतात. कुराणात त्याची कथा थोडक्यात येते. आपल्या पवित्र शास्त्रात तो देवाशी अध्यायच्या अध्याय वाद घालतो. तरीही शेवटी देव त्यालाच खरा ठरवतो आणि त्याच्या मित्रांना दोष देतो. हे मित्र आले तेव्हा सात दिवस-सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते. तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. दुःखाची कारणे समजावून सांगू लागले, तिथे त्यांचे चुकले.

मुसलमानांची प्रार्थना, दानधर्म आणि उपवास यांची दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात आदराने नोंद घेतली आहे. त्यांच्या या शब्दातून आपणही काही घ्यावे. सबुरी स्वतःसाठी धरायची असते. दुसऱ्याला ती सांगायची झाली, तर आधी त्याच्या ओझ्याचे एक टोक आपल्या खांद्यावर घ्यावे लागते. या आठवड्यात कोणाच्या दारी दुःख आले असेल, मग ते घर आपल्या चर्चमधले असो की शेजारच्या मोहल्ल्यातले, तर जाऊन बसू या. पाणी भरून देऊ, दवाखान्यात सोबत जाऊ, अर्ज लिहून देऊ, साक्ष द्यायची असेल तर देऊ. सबुरीचा शब्द त्यानंतर बोलायचा, आणि तोही त्याने विचारला तरच.