रंगाच्या आधी गंज



आजचं चिंतन : कठोपनिषद, अध्याय १, वल्ली ३, मंत्र ३ ते ९

हे मंत्र आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेले असतात. यमधर्म नचिकेताला सांगतात की शरीर हा रथ आहे आणि आत्मा त्या रथाचा स्वामी. बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रियं म्हणजे घोडे आणि विषय म्हणजे त्या घोड्यांसमोरचे रस्ते. ज्याचा सारथी शहाणा आहे आणि लगाम हातात आहे, तो रस्त्याच्या शेवटापर्यंत, विष्णूच्या परमपदापर्यंत पोचतो.

आता एक गंमत बघा. यमाने एवढं सविस्तर सांगितलं, पण रथाच्या रंगाबद्दल एक अक्षर काढलं नाही. आणि आपण? आपण सगळ्यात आधी रंगच बघतो.

आपल्या सत्संगात एक दादा येतो. सातपूरला कंपनीत आहे. त्याच्या वडिलांची जुनी मारुती ओम्नी आहे. १९८४ साली बाजारात आलेली आणि २०१९ मध्ये बंद झालेली ती डब्यासारखी व्हॅन आपल्या सगळ्यांच्या लहानपणात कुठेतरी आहेच. दादाने मागची बाजू मोकळी करून प्लायवूडचा छोटा पलंग बसवला, पडदे लावले. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जायचं, रात्री गाडीतच मुक्काम करायचा, आईलाही घेऊन जायचं, असा बेत. नाशिकपासून त्र्यंबक जेमतेम तीस किलोमीटर. राहिला होता फक्त रंग. पेंटिंगवाल्याचा खर्च परवडेना, म्हणून सिंथेटिक इनॅमलचा डबा आणि फोमचा छोटा रोलर आणून घरीच पार्किंगमध्ये काम काढलं. रंग पांढराच ठेवला, कारण गाडीचा रंग बदलला तर आरटीओत जाऊन आरसीमध्ये नोंद करावी लागते.

सरकत्या दरवाजाखाली रंगाला दोन-तीन फुगे आले होते. तिथे पॉलिश पेपर घासला आणि पत्रा आत गेला. आरपार भोक! खालचा पत्राही गंजलेला. शेजारचे एक काका म्हणाले, "एवढं काय त्यात? पुट्टी भर, वरून रोलर फिरव. कुणाला दिसतंय?"

खरंच, कुणालाच दिसलं नसतं. एकादशी आठ दिवसांवर होती. तेवढ्यात आई चहा घेऊन खाली आली आणि म्हणाली, "अरे, वरून कितीही छान दिसू दे. पाय तर मीच तिथे ठेवणार ना?"

दादाने रंगाचा डबा बंद केला. गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करून घ्यायचं ठरलं. त्या वर्षी दोघं एसटीने त्र्यंबकला गेले. गाडीला रंग लागला तो पुढे महिनाभराने.

मित्रांनो, मला या गोष्टीत कठोपनिषदाची सुरुवात दिसते. रथाचा दृष्टांत तिसऱ्या वल्लीत येतो, पण उपनिषद सुरू कुठे होतं? वाजश्रवसाच्या यज्ञात. सर्वस्व दान करायचा यज्ञ! बाहेरून केवढा भव्य! पण दानात दिल्या जाणाऱ्या गाई कशा होत्या? म्हाताऱ्या, दूध आटलेल्या, शेवटचं गवत खाऊन झालेल्या. घेणाऱ्याच्या काहीच उपयोगाच्या नाहीत. यज्ञाला बसलेल्या मोठ्यांपैकी कुणी काही बोललं नाही. एका लहान मुलाला ते खुपलं. "बाबा, मग मला कुणाला देणार?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. गंजावर फिरवलेला रंग पहिल्यांदा नचिकेताने ओरखडला. यम त्याला रथाचं रहस्य सांगतो ते काही उगाच नाही. ज्याला वरचा रंग फसवू शकला नाही, त्यालाच आतला स्वामी दाखवता येतो.

आता आपल्याकडे बघू. माळ घातली, टिळा लावला, एकादशीचं स्टेटस टाकलं की आरसीमध्ये रंग बदलल्याची नोंद झाली! यातलं काहीच वाईट नाही हं. पत्रा वाचवायला रंग लागतोच. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. घरात आईशी तुसडेपणाने बोलणं चालू, ऑफिसमध्ये दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव चालू, आणि त्यावर नामस्मरणाचा एक कोट. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, सहाव्या श्लोकात, भगवंतांनी अशा माणसासाठी कडक शब्द वापरलाय : मिथ्याचारी. हात-पाय आवरलेले, पण मन तिथेच घुटमळणारं.

हे फक्त एकेकट्याचं नसतं, समाजाचंही असतं. आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. चैत्रात कामदा एकादशीला पंचवटीतून रामरथ आणि गरुडरथ निघतात. काय ती सजावट, काय ती गर्दी! पण याच शहरात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं रामाच्या दारात उभी होती आणि दार बंद होतं. त्या वर्षी चैत्रात रामाचा रथ सगळ्यांनी मिळून ओढायचा असं ठरलं, पण ठरलेलं पाळलं गेलं नाही. दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे पाच वर्षं चालला. रथ सजलेला होता, दोर मजबूत होते, जयघोषही रामाचाच होता. गंज होता तो ओढणाऱ्यांच्या मनात. मंत्र ३ वाचताना मला नेहमी वाटतं, प्रत्येक शरीर जर रथ असेल आणि प्रत्येकात तोच स्वामी बसला असेल, तर त्या दिवशी दाराबाहेर कुणाला थांबवलं होतं?

मग गंज काढायचा कसा? दादाने जे गाडीला केलं, त्यातच साधनेचा क्रम आहे.

आधी धुणं. तेलाच्या थरावर रंग धरतच नाही. रोजचा दिवस रात्री एकदा शांतपणे बघणं, हे आपलं धुणं.

मग घासणं. चमकता पत्रा दिसेपर्यंत घासायचं. इथे आवाज होतो, धूळ उडते, गाडी आधीपेक्षा वाईट दिसते. साधनेतही हा टप्पा येतो. "जप सुरू केला आणि राग जास्तच दिसायला लागला" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. राग वाढलेला नाही, वरचा रंग निघालाय.

मग प्रायमर. रेड ऑक्साइडचा लाल थर कुणाला दिसत नाही, पण वरचा रंग टिकतो तो त्याच्या जोरावर. आपलं गुप्त नाम, कुणाला न सांगितलेली मदत, हा तो थर.

आणि शेवटी रोलर. इथे घाई चालत नाही. एकाच हातात जाड रंग दिला तर ओघळ येतात आणि संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत पोत उमटतो. पातळ हात द्यायचा, रात्रभर वाळू द्यायचा, बारीक पेपरने हलकं घासायचं, मग दुसरा. रोज एक पातळ हात. एका दिवसात १०८ माळा आणि मग महिनाभर सुट्टी, असं नको.

कुणी म्हणेल, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देह जुन्या वस्त्रासारखा टाकून द्यायचा असं सांगितलंय, मग जुन्या रथाची एवढी निगा कशाला? बरोबर आहे, पण २२ वा श्लोक स्वामी निघून जातो त्या वेळेबद्दल आहे. स्वामी आत बसलेला असताना रथाकडे दुर्लक्ष करा, असं तो सांगत नाही. आणि आपल्या रथात आपण एकटे नसतो. आई आहे, जोडीदार आहे, सोबत काम करणारी माणसं आहेत. आपल्या स्वभावातल्या भोकावर पाय त्यांचा पडतो.

आजचा संकल्प : आपल्या वागण्यातला रंगाचा एक फुगा शोधायचा. एकच. तो आपल्यालाच माहीत असतो. आज त्यावर पुट्टी भरायची नाही, पेपर घासायचा. ज्याला त्याचा त्रास होतो, त्या माणसाशी आज एकदा नीट बोलायचं. मग देवासमोर बसून पाच मिनिटं नाम घ्यायचं.

उद्या मंत्र १० आणि ११.

राम कृष्ण हरी!