दासबोध चिंतन : दशक ३, समास ४



मुलं झाली, लक्ष्मी निघून गेली, लग्नापायी कर्ज झालं, घेणेकऱ्यांनी वेढलं आणि गृहस्थ परदेशी पळाला. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे लिखाण, ईएमआय हा शब्द तेवढा नाही! गंमत बघा, समर्थ इथे कर्ज फेडायची युक्ती सांगत नाहीत. त्याचीच अवस्था त्याच्यापुढे ठेवतात. समासाचं नावच 'स्वगुणपरीक्षा'.

सांगलीकडच्या माझ्या मावसभावाने ही परीक्षा दिली. सोसायटीचं कर्ज, ट्रॅक्टरचं, सोनंतारण, वर खाजगी सावकार. मी एक्सेल शीट करून दिली (आपला धंदाच तो), त्याने उघडलीसुद्धा नाही. शंभर पानी वही घेतली आणि वहिनीसमोर बसून कुणाचे किती ते सगळं लिहिलं. त्यातले दोन आकडे तिला ठाऊकच नव्हते. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. पण सकाळी वही तिनेच उघडली. सावकाराचे महिना शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के, म्हणून आधी तो मिटवायचा, हे तिने बोटांवर मोजून सांगितलं.

मला म्हसवडच्या बायका आठवल्या. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या. निरक्षर म्हणून त्यांच्या बँकेला आधी परवाना नाकारला होता. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करतो. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली.

भावाचा सावकार मिटला. सोसायटीचं अजून बाकी आहे, पण फोन वाजला की तो आता उचलतो.

उद्या समास ५.